टोड लिली : पाटी वाचण्याआधी फूल पाहा

झाडाचे नाव ठाऊक असणे आणि झाड ओळखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव पाटीवरून वाचता येते. ओळख मात्र स्वतःच्या डोळ्यांनी मिळवावी लागते. विद्यार्थ्यांना हा फरक समजावून सांगण्यासाठी टोड लिली या फुलझाडाचे उदाहरण फार उपयोगी आहे.

टोड म्हणजे खरबरीत अंगाचा बेडूक. पाकळ्यांवरील जांभळ्या-तांबूस ठिपक्यांमुळे इंग्रजीत हे नाव पडले. जपानमध्ये याच झाडाला 'होतोतोगिसु' म्हणतात. होतोतोगिसु हा आपल्या पावशाच्या कुळातला एक पक्षी. त्याच्या छातीवरच्या खुणा तेथील लोकांना या फुलात दिसल्या. चीनमधील एका जातीच्या पानांवर तेलाचे थेंब सांडल्यासारखे डाग असतात, म्हणून तिचे नाव 'तेलठिपक्यांचे गवत' असे पडले. ज्याने जे पाहिले त्याने तसे नाव दिले.

शास्त्रीय नाव 'ट्रायसिर्टिस' असे आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ तीन फुगवटे. फूल उलटे करून पाहिले की बाहेरच्या तीन पाकळ्यांच्या बुडाशी मधाच्या तीन लहान पिशव्या दिसतात. फुलाच्या मध्यभागी सहा पुंकेसर कारंज्यासारखे बाहेर झुकलेले असतात. त्यांच्या वर स्त्रीकेसराच्या तीन फांद्या असतात आणि प्रत्येक फांदी टोकाला पुन्हा दुभंगलेली असते. या खुणा दिसल्या की झाड टोड लिलीच्या प्रजातीतले आहे असे समजावे. केवळ ठिपक्यांवर विसंबू नये. 'तोजेन' नावाच्या वाणाच्या पाकळ्यांवर ठिपके नसतात, तरीही ती टोड लिलीच आहे.

या प्रजातीत वीसहून अधिक जाती आहेत. हिमालयापासून चीन, तैवान, फिलिपाईन्स आणि जपानपर्यंत त्या पसरल्या आहेत. नेपाळपासून पूर्वेकडे हिमालयात जी जाती सापडते, तिची कथा बोधप्रद आहे. डेव्हिड डॉन यांनी १८२५ मध्ये तिला 'कॉम्प्सोआ मॅक्युलाटा' असे नाव दिले. पुढच्याच वर्षी, १८२६ मध्ये, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांनी तिचेच वर्णन 'ट्रायसिर्टिस पिलोसा' म्हणून प्रसिद्ध केले. आज वॉलिच यांचे प्रजातिनाम आणि डॉन यांचे जातिनाम एकत्र करून 'ट्रायसिर्टिस मॅक्युलाटा' असे लिहितात. म्हणून जुन्या ग्रंथात पिलोसा आणि नव्या ग्रंथात मॅक्युलाटा आढळल्यास ती दोन झाडे समजू नयेत.

जाती आणि वाण

हापूस, पायरी आणि केशर यांची चव वेगळी असली तरी तिन्ही आंबेच. जाती एक, वाण तीन. टोड लिलीचेही तसेच आहे. हिर्टा व फॉर्मोसाना या जाती. 'मियाझाकी', 'सामुराई', 'सिनोनोमे' हे माणसाने निवडून वाढवलेले वाण. हापूसची कोय पेरून हापूस मिळेलच असे नाही, म्हणून आपण कलम करतो. टोड लिलीचा वाणही गड्डा फोडून किंवा फांदी लावूनच टिकतो. शेजारी-शेजारी लावलेल्या हिर्टा व फॉर्मोसानाचा संकर होतो आणि त्या बियांची रोपे दोघांच्या मधली निघतात. अशा रोपावर जुन्याच नावाची पाटी लागली की चूक बागेबागेतून पसरत जाते.

ओळखण्याचा क्रम

प्रथम फुलाची ठेवण पाहावी. पिवळी, घंटेसारखी खाली लोंबणारी फुले असतील तर झाड मॅक्रान्था किंवा तिच्या निकटच्या जपानी जातींपैकी आहे. फूल पिवळे पण वर तोंड केलेले, आणि देठ पानाला भोसकून आरपार गेल्यासारखा दिसत असेल तर ती पर्फोलिआटा. पिवळी ठिपकेदार फुले इतरांच्या आधी, उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच आली आणि पाने रुंद असतील तर लॅटिफोलिया असण्याचा संभव अधिक.

फुले पांढरी किंवा जांभळट असल्यास ती कोठे लागली आहेत ते पाहावे. हिर्टाची फुले मुख्यतः देठावर ओळीने, पानांच्या बेचक्यात येतात. देठ व पाने लवदार असतात. 'हिर्टा' या शब्दाचा अर्थच केसाळ असा आहे. फॉर्मोसानाची फुले शेंड्याला फुटलेल्या फांद्यांवर झुबक्याने येतात, पाने अधिक तुकतुकीत असतात आणि जमिनीखालून धुमारे पसरून झाड जागा व्यापते. दोन्हींच्या खुणा एकाच झाडावर मिसळलेल्या दिसल्या तर संकर समजावा. 'सिनोनोमे' हा असाच संकर आहे.

रंगाची छटा आणि ठिपक्यांची दाटी सर्वात शेवटी पाहावी. वाण ठरवताना त्यांचा उपयोग होतो, जाती ठरवताना फारसा नाही. नावावरूनही तर्क करू नये. 'मियाझाकी' हा वाण पांढऱ्या, ठिपकेदार हिर्टाचा आहे. तर जपानच्या मियाझाकी प्रांतात रानात वाढणारी पर्फोलिआटा पिवळी आहे.

ओळखीचे मोल

हा केवळ हौशी बागवानांचा विषय नाही. पर्फोलिआटा, इशिआना, मॅक्रान्थॉप्सिस या पिवळ्या जाती जपानच्या मोजक्या डोंगराळ भागांतच उगवतात. बागेसाठी रानातून झाडे उपटून नेल्यामुळे त्यांची संख्या घटली आणि धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत त्यांची नोंद करावी लागली. ज्याला जाती ओळखता येते, तोच 'हे रोप कोठून आणले?' असा प्रश्न विक्रेत्याला विचारू शकतो. जे ओळखता येत नाही त्याचे रक्षणही करता येत नाही.

मॅक्रान्था ही जाती योकोगुरा डोंगरावर शोधणारे तोमितारो माकिनो (१८६२–१९५७) यांनी प्राथमिक शाळाही पूर्ण केली नव्हती. रानोमाळ हिंडून, झाडे निरखून आणि त्यांची चित्रे काढून ते जपानचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. शाळेचे महत्त्व यामुळे कमी होत नाही; पण निरीक्षणाची सवय पदवीची वाट पाहत नाही, हे त्यांच्या आयुष्यावरून दिसते.

टोड लिलीला थंड हवा, सावली आणि ओलसर माती लागते. आपल्या मैदानी उन्हात ती रमत नाही. सिक्कीम-दार्जिलिंगकडे सहलीला जाणाऱ्यांनी पावसाळ्यात तिचा शोध अवश्य घ्यावा. इतरांनी ही रीत अंगणातल्या झाडावर वापरावी. फूल कोठे लागते, देठाला लव आहे का, पान देठाला कसे चिकटते, एवढे तीन प्रश्न वहीत लिहावेत, उत्तरे झाडाकडून घ्यावीत, आणि मगच पाटी वाचावी.