पेटी ऐकलेल्या कानांसाठी पियानो

चांदूर रेल्वेसारख्या गावात दोन तरुण कलाकारांची व्हायोलिन-पियानोची मैफल ठेवायची म्हटलं, की ‘ऐकणार कोण?’ हा प्रश्न येतो आणि विचारणाऱ्याने उत्तरही ठरवलेलं असतं. मला ते पटत नाही. इथला कान कोरा नाही. शेजारच्या तिवसा तालुक्यात मोझरीला तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज आहे; भजनी मंडळं हा इथला जुना रियाज आहे. त्यात गाणारा सूर खेचतो, घासतो, लांबवतो आणि पेटीवाला हलवता न येणाऱ्या पट्ट्यांवर त्याला सांभाळून घेतो. व्हायोलिन आणि पियानो यांच्यातला पेच नेमका हाच आहे.

मैफल सुरू होण्याआधीच तो दिसतो. पियानोवादक एक सूर देतो, व्हायोलिनवादक त्यावर आपली तार मिळवतो आणि बाकीच्या तीन तारा तिच्यावरून लावतो. पियानोचे सूर सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बांधलेले असतात, त्यामुळे त्याचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा चढा लागतो. लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. व्हायोलिनला पडदे नाहीत. एकटं वाजताना बोट हवं तिथे ठेवता येतं, पण तोच गंधार पियानोबरोबर धरायचा झाला की बोट केसभर सरकवावं लागतं. चांगल्या जोडीत हे सरकणं ऐकूही येत नाही. पेटीवरचा जुना आक्षेपही याच जातीचा: तिचे सूर हलवता येत नाहीत. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. भजनातली पेटी मात्र वाजतच राहिली. व्हायोलिन-पियानोच्या जोडीतली दुसरी अडचण उलट्या बाजूची. पियानोची तार हातोडीचा ठोका बसताच विझू लागते, तर गजाखालचा सूर मध्यावर फुगवता येतो. म्हणून लांब सुरावर व्हायोलिनवाल्याने आवाज पातळ करावा लागतो, नाहीतर पियानोचं बोलणं बुडतं. तरुण जोड्या घसरतात त्या बहुधा इथे, जलद तानांत नव्हे.

लिहिलेलं वाजवायचं, मग त्यात कला कसली, असं आपल्याकडचा जाणकार म्हणेल. आक्षेप वजनदार आहे; रागाची बढत इथे नाहीच. पण कागदावर सूर असतो, त्याचं वजन नसतं. आणि कागदही वाटतो तितका कडक नाही. 1803 साली व्हिएन्नात बेथोव्हेनच्या ‘क्रॉयट्झर’ सोनाट्याच्या पहिल्या प्रयोगात पंचविशीच्या आसपासच्या जॉर्ज ब्रिजटॉवरने पियानोच्या एका लहरीला आयत्या वेळी व्हायोलिनवर उत्तर दिलं. पियानोवर स्वतः बेथोव्हेन होता, आणि तो खूश झाला. कलाकार वयाने लहान आहेत, हा आक्षेप तर त्याहून लवकर निकालात निघतो: व्हायोलिनची साथ असलेले मोत्झार्टचे पहिले सोनाटे 1764 मध्ये छापले गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. (त्यांत पट्ट्यांचं वाद्यच पुढे आणि व्हायोलिन मागे, हे व्हायोलिनवाल्यांना फारसं आठवत नाही.)

खरी अडचण वाद्याची. वऱ्हाडातला उन्हाळा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा लाकूड आकसवतो-फुगवतो, पियानो बेसूर होतो आणि तो लावणारा मोठ्या शहरातून आणावा लागतो. वजनदार पट्ट्यांचा इलेक्ट्रॉनिक पियानो आणला तर लाकडी पेटाऱ्याची गुंज जाते, हे मान्य करून तो आणावा. कार्यक्रमात सेझार फ्रँकच्या 1886 च्या सोनाट्याचा शेवटचा भाग जरूर असावा. त्यात पियानो एक चाल सुरू करतो आणि एका मात्रागटाने मागून व्हायोलिन तीच चाल उचलतं. बुवांची ओळ मागच्यांनी उचलायची, हे ज्या गावाला ठाऊक आहे, तिथे हे समजावून द्यायला निवेदक लागणार नाही.