मिरची वसईला उतरली, हंगेरीतही रुजली

हंगेरीतल्या घरगुती जेवणाचा मान डुकराच्या मांसाला. थंडीत घरचे डुक्कर कापायचे, शेजारीपाजारी जमवायचे, दिवसभर सॉसेजे भरायची, चरबी वितळवून वर्षभरासाठी साठवायची, ही तिथली जुनी ग्रामीण रीत. त्या चरबीत कांदा आणि लाल मिरचीची भुकटी घालून शिजवलेले मांस म्हणजे ‘प्यॉर्कॉल्ट’. भोरकडच्या आमच्या आंबवडे गावात हा बेत करावा असे मला वाटते, कारण त्याचा जीव मिरचीत आहे आणि मिरचीशी आपलीही जुनी सोयरीक आहे.

दोन्हीकडची मिरची मूळची अमेरिकेची. आपल्या किनाऱ्यावर तिला पोर्तुगीजांनी आणले. हंगेरीत ती तुर्कांच्या राजवटीत रुजली. १५४१ साली तुर्कांनी बुडा घेतले, ते १६८६ पर्यंत त्यांच्याकडे राहिले. इकडे १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. सत्ता गेली, पण डुकराचे इंद्याल वसईच्या ख्रिस्ती घरांत टिकले: लाल मिरची, लसूण आणि शिरका. गोव्याच्या सोरपोतेलमध्येही आंबटपणा हवाच. तिथे माडाच्या सुरेचा शिरका वापरतात. हे पदार्थ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक मुरतात.

हंगेरीने वेगळी वाट धरली. मिरचीचा जहालपणा मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरांत असतो, सालीत रंग आणि गोडी. सेगेदच्या कारागिरांनी १९व्या शतकात शिरा आणि बिया वेगळ्या काढून दळणे सुरू केले, म्हणून तिथली भुकटी चमच्यांनी घालता येते. याच सेगेदमध्ये आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी स्थानिक मिरचीतून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात मिळवले. त्यांना १९३७ चे नोबेल मिळाले.

आपल्याकडे रंगासाठी ब्याडगी आहेच. तिच्या शिरा आणि बिया काढून बारीक दळा. कांदा-लसूण मसाला इथे चालणार नाही. आले, गरम मसाला, खोबऱ्याचे वाटण यांचाही मोह टाळावा. हात आखडणे हीच या स्वयंपाकातली खरी कसोटी आहे.

मांसाचे मात्र भान ठेवायला हवे. रायरेश्वराच्या डोंगराखालच्या या मुलखात रानडुकरे शिवारात शिरतात, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. मांस पाळीव डुकराचे, खात्रीच्या दुकानातून आणलेले घ्या. गावातल्या बहुतेक घरांत ते शिजत नाही, तेव्हा शेजाऱ्यांच्या मनाचा विचार करून वेगळी भांडी ठेवावीत.

एक किलो खांद्याच्या मांसाला अर्धा किलो कांदा. कांदा अगदी बारीक चिरून डुकराच्या चरबीत मंद आचेवर परतावा, तो मऊ होऊन जवळजवळ विरघळला पाहिजे. मग भांडे चुलीवरून खाली उतरवा आणि तेव्हाच तीन-चार चमचे मिरचीपूड घाला. तिच्यात साखर असते; तापल्या चरबीत ती क्षणात करपते आणि कडवट होते, म्हणून लगेच पळीभर पाणी ओता. मग मांसाचे तुकडे, मीठ, चिमूटभर शहाजिरे. भांडे पुन्हा चुलीवर ठेवून निखारे मागे ओढायचे आणि झाकण घालायचे. मांस आपल्याच रसात शिजले पाहिजे. पाणी आटलेच तर थोडे थोडे घालावे. दीड-दोन तासांनी ते पूर्ण शिजून सुरीखाली सहज सुटले पाहिजे. आत गुलाबी राहिले तर अजून वेळ द्या, डुकराच्या बाबतीत कच्चेपणाला जागा नाही.

हंगेरीत याबरोबर मैदा-अंड्याचे सैलसर पीठ उकळत्या पाण्यात सोडून केलेले ‘नोकेदली’ वाढतात. ते करून पाहावेच, पण भोरच्या घरात आंबेमोहोराचा भात असताना त्या दाट, लाल, गोडसर रसाला मला तोच जास्त शोभतो. शेजारी काकडी पातळ कापून, मीठ लावून, पिळून, शिरका आणि किंचित साखर घालून ठेवावी. चरबीचा जडपणा ती कमी करते.