दोन तराजू, दोन मल्ल

थोड्या दिवसांपूर्वीं आमच्या रोडपालीस शेजारच्या दोन तरुणांत वाद जुंपला. खाशाबा जाधव मोठे कीं मारुती माने मोठे, असा तो प्रश्न. जन्मभर मास्तरकी केलेला मनुष्य जवळच बसलेला. तेव्हां निवाडा त्यानेंच द्यावा, असें ठरलें. त्या दिवशीं मीं तो टाळला. आज देतों.

इंग्लंडांत मुष्टियोद्ध्यांविषयीं असाच खल चालतो. बॉब फिट्झसिमन्स यानें १८९७ सालीं जेम्स कॉर्बेट यास लोळवून वजनदार गटाचें जगज्जेतेपद मिळविलें, तेव्हां त्याचें स्वतःचें वजन पाऊणशें किलोंच्या आसपास होतें. १९९९ सालीं त्याच गटाचा निर्विवाद जेता ठरलेला लेनॉक्स लुईस शंभर किलोंहून भारी. या दोघांत कोण जिंकला असता, हें विचारण्यांत काय हंशील? आणि कित्येक इंग्रजांचा जीव जडला तो हेन्री कूपरवर, जो जगज्जेता कधींच झाला नाहीं! १९६३ सालीं त्यानें कॅशियस क्ले यास एकदां खालीं पाडलें आणि सामना मात्र गमावला. तरी २००० सालीं 'सर' ही पदवी मिळविणारा पहिला मुष्टियोद्धा तोच.

आपल्याकडे प्रश्न अधिक अवघड आहे, कारण येथें तराजूच दोन आहेत. पहिला तांबड्या मातीचा. छत्रपति शाहू महाराजांच्या प्रेरणेनें कोल्हापुरांत १९१२ सालीं खासबाग मैदान उभें राहिलें, तें या मातींतल्या कुस्तीसाठीं. तुल्यबळ जोड ठरवावी, घड्याळ बाजूस ठेवावें आणि पाठ जमिनीला टेकेपर्यंत झुंजावें, ही तिची जुनी रीत. मोठी जोड शेवटीं लागते, आणि लोक सकाळपासून बसतात ते तिच्याचसाठीं. दुसरा तराजू गादीचा. तेथें वजनाचे गट, गुण आणि घड्याळ. हलक्या अंगाच्या मल्लाला आपल्याच वजनाच्या जगांत पहिलें येण्याची सोय तेथेंच आहे.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. जन्म १९२६ चा. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ते सहावे आले. गादीची संवय नसतां आले, हें ध्यानांत घ्यावें. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें, तर पैसा नाहीं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. (आम्हां शिक्षकमंडळींना ही गोष्ट पुनःपुन्हां सांगावीशी वाटली, तर श्रोत्यांनीं क्षमा करावी.) ५७ किलो गटांत जपानचा इशी पहिला आणि रशियाचा ममेदबेकोव्ह दुसरा आला, खाशाबांना कांस्यपदक लाभलें. इशीशीं झालेल्या दीर्घ झुंजीनंतर पुरेशी विश्रांति न देतां त्यांना पुन्हां उतरविलें, आणि तक्रार करावयास आपला अधिकारी जवळ नव्हता, असें सांगतात. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडास शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनीं कुस्त्या भरवून खर्डेकरांचें देणें फेडलें, आणि १९५५ पासून पोलीस खात्यांत चाकरी केली. १९८४ सालीं अपघातानें ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर!

एवढा उशीर कां? सरकारला दोष देणें सोपें आहे. माझ्या मतें थोडा दोष आपणां प्रेक्षकांचा. आपलें मन मोठ्या जोडींत गुंतलेलें. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ सालीं, गणपतराव आंदळकर १९६० सालीं आणि कवठेपिरानचे मारुती माने १९६४ सालीं हिंदकेसरी झाले. देहानें हीं माणसें डोंगरासारखीं! यात्रेंतला पोरगाही त्यांचीं नांवें जाणे. सत्तावन किलोंचा मल्ल या तराजूंत बसतच नव्हता.

याचा अर्थ मातीचे पहिलवान गादीवर दुबळे होते असा मात्र नव्हे. १९६२ सालीं जाकार्ताच्या आशियाई खेळांत माने आणि आंदळकर या दोघांनींही प्रत्येकीं एक सुवर्ण आणि एक रौप्य पदक जिंकलें.

तेव्हां माझा निवाडा असा. एका मनुष्याचा पराक्रम पाहतां खाशाबांचें पारडें जड. कुस्तींत भारताला पुढचें ऑलिंपिक पदक मिळण्यास २००८ साल उजाडावें लागलें, आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचें वैयक्तिक पदक मिळण्यास २०२४. तेंही नेमबाजींत, राधानगरी तालुक्यांतील स्वप्नील कुसाळे याच्या हातून. परंतु मागें काय उरलें हें पाहतां, गांवोगांवची तालीम जागती ठेवली ती माने-आंदळकरांसारख्यांनीं. आंदळकर तर पुढें कोल्हापूरच्या मोतीबाग तालमींत वस्ताद झाले.

हें ऐकून त्या दोन तरुणांपैकीं एक म्हणाला, "मास्तर, म्हणजे दोन्ही वारसे निरनिराळेच!" त्याला मीं १९७७ ची बेळगांवची कुस्ती सांगितली. हरिश्चंद्र बिराजदार यांनीं दिल्लीच्या सतपालला तेथें मातींत चितपट केलें. पुढें दोघेही गुरु झाले. २००८ चें तें पदक मिळविणारा सुशीलकुमार हा सतपालचा शिष्य. आणि २०१८ सालीं राष्ट्रकुल खेळांत सुवर्ण जिंकणारा बीड जिल्ह्यांतील राहुल आवारे लहानपणीं बिराजदारांच्या हाताखालीं घडला. त्याचा गट ५७ किलोंचा, म्हणजे खाशाबांचाच.