धुक्यातला घाम

गणपतीपुळ्याहून गुहागरपर्यंतचा किनारा सायकलीवरून पाहावा, ही कल्पना माझी नव्हती. आमच्या भाऊजींची होती. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान वयाने 68, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आणि गेली सात वर्षे रोज पंधरा-वीस किलोमीटर सायकल नेमाने चालवणारे. मधुमेह 11 वर्षांचा, सोबत रक्तदाब. दोन्ही औषधांनी आटोक्यात. मी 56 वर्षांचा, सायकलीच्या बाबतीत त्यांच्यापुढे नवशिका. तरीही ‘डॉक्टर बरोबर आहे’ एवढ्या भरवशावर ताईने परवानगी दिली. त्या भरवशाचे वजन मला पुढे तवसाळच्या चढावर कळले.

जानेवारीतली पहाट होती. कोकणात या दिवसांत खाड्यांच्या तोंडाशी धुके असे दाटते की, दहा पावलांवरचे नारळाचे झाड नुसत्या सावलीसारखे दिसते. मोहोरावर भुरी आणि तुडतुडे येतील म्हणून आंबेवाले या धुक्याला धास्तावतात. सायकलस्वाराला मात्र ते सुखद वाटते. ऊन नाही, धूळ नाही, तहानही लागत नाही. हे शेवटचे सुख फसवे असते. उतारवयात तहानेची जाणीव मुळातच मंदावते, आणि गारव्यात ती आणखी झाकली जाते. मी घड्याळ लावून दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी पाजत होतो. पाण्याकडे एवढे लक्ष दिले, आणि पोटाकडे दिले नाही.

निघताना यजमानीणबाईंनी पोहे केले होते. ‘चढावर पोट जड नको,’ म्हणून भाऊजींनी चहा आणि दोन बिस्किटांवर भागवले. सकाळची गोळी मात्र नेहमीप्रमाणे, नेहमीच्याच मात्रेत घेतली. मी समोर बसून पोहे खात होतो.

मालगुंड मागे पडले. केशवसुतांचे स्मारक धुक्यात पुरते दिसलेही नाही. पुढे जयगडपर्यंत रस्ता सारखा वर-खाली होतो. जांभ्याचा उघडा सडा, मग एकदम उतार, खाली वाडी, पुन्हा चढ. दवाने ओल्या झालेल्या उतारावर ब्रेक एकदम दाबायचा नाही आणि चढावर दम लागला तर निमूटपणे उतरून सायकल हाती धरायची, असा आमचा करार होता. (हाती सायकल धरून चालण्यात कमीपणा वाटणाऱ्या पन्नाशीपुढच्या पुरुषांनी अशा वाटेला जाऊच नये.) जयगडच्या धक्क्यावर फेरीबोटीत सायकली चढवल्या. शास्त्री नदीची खाडी पांढरी झाली होती, पलीकडचा तीर दिसत नव्हता. तिथे भाऊजी तिकीट देणाऱ्या मुलावर सुट्या पैशांवरून कडाडले. आयुष्यभर टपालाच्या खिडकीशी बसलेला, कधी आवाज न चढवणारा हा माणूस! मी मनात म्हटले, दमले असतील.

पलीकडे तवसाळचा धक्का सोडला की रस्ता सड्याकडे चढू लागतो. तिथे त्यांनी उत्तरे देणे सोडले. दम राखून ठेवत असतील, असे मला वाटले. मग त्यांची सायकल रस्त्याच्या मध्याकडे झुकू लागली. मी थांबवले. कपाळ, मान, सदरा, सारे ओले. माझाही सदरा दवाने ओलाच होता. पण त्यांच्या कपाळावर रुमाल फिरवला आणि दोन मिनिटांत ते पुन्हा डवरून आले. तो धुक्याचा ओलावा नव्हता. बोटाला सुई टोचून पाहिले, तर साखर 52.

नेमके काय घडले, ते आपल्या घरी मधुमेहाचे औषध घेणारे कोणी असेल तर जाणून घ्यावे. व्यायामात स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. निरोगी शरीर अशा वेळी इन्सुलिन आवरते घेते आणि यकृत साखर पुरवते. पण भाऊजी घेत असलेली ग्लिमेपिराईड ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन बाहेर ढकलतच राहते. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल, तर धोका वाढतो. त्यातून त्यांना रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल होते. हात थरथरणे, छातीत धडधडणे ही साखर उतरल्याची हाकाटी अशा औषधाने दबते. घाम तेवढा दबत नाही. आमच्या बाबतीत उरलेली ती एक खूणही धुक्याने लपवली. आणि धक्क्यावरची चिडचिड ही मेंदूला साखर कमी पडत असल्याची वर्दी होती, ती मी डॉक्टर असून ऐकली नाही.

तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तरच तोंडाने द्यावे. बेशुद्धाच्या तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवून तत्काळ रुग्णालय गाठावे. यंत्र जवळ नसेल, तर मोजण्यासाठी थांबू नये, आधी साखर द्यावी. चॉकलेटमधल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज असते त्यांना घरची साखरही हळू लागू पडते. त्यांनी ग्लुकोज पावडरच जवळ बाळगावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, 70च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर. आमचा आकडा 84 आला. मग ताईने बांधून दिलेल्या दशम्या आणि केळी. तोवर धुके विरले होते आणि खाली खाडी लखलखत होती. भाऊजी लाजल्यासारखे हसले आणि म्हणाले, “त्या पोराला मी उगाच बोललो रे.”

त्यांना पुढे सायकलीवरून जायचे होते. मी नाही म्हटले. एका टेम्पोत दोन्ही सायकली टाकून हेदवी गाठली, दशभुज गणेशाचे दर्शन घेतले, पोटभर जेवलो आणि तसेच गुहागरला गेलो. भाऊजी वाटभर फुरंगटून बसले होते. पण या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, एकदा वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरू शकते, आणि श्रमाच्या दिवशी रात्री झोपेतही उतरते. मी झोपताना मोजली, दोनचा गजर लावून पुन्हा मोजली. 112. मग मला झोप लागली.

त्यांच्या डॉक्टरांनी आठवडाभरात गोळी बदलून दिली. ती आपल्या मनाने कमी करू नये किंवा बंदही करू नये. पण लांबच्या प्रवासाआधी, उपासाआधी, मोठ्या श्रमाच्या दिवसाआधी ‘उद्या काय करू?’ हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

ताईला सांगू नकोस, असे त्यांनी मला हेदवीलाच बजावले होते. मी म्हटले, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. घरात रात्री शेजारी झोपणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल, तर कोणाला असावे? गुहागरच्या पुळणीवर बसून त्यांनी अखेर फोन लावला. बराच वेळ नुसते ‘हो, हो’ चालले होते. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला. ताईचा आवाज शांत होता.

“तू पोहे खाल्लेस ना?” तिने विचारले.