टायरची आतली कड

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, "गाडीच्या टायरशी आमचं काय काम? ते बघायला घरात पुरुष माणसं आहेत." पण जरा हिशोब करू या. भोरला बँकेत जायचं तर आपण वडापमध्ये बसतो. वेल्ह्याकडचा तांदूळ, नाचणी, पापड पुण्याला भीमथडी जत्रेत न्यायचे तर गटाच्या पैशातून पिकअप ठरवतो. मुलं शाळेत व्हॅनने जातात. राजगड-तोरण्याला येणारे पर्यटक वाढल्यापासून गटाचं अंतर्गत कर्ज काढून मुलाला जुनी गाडी घेऊन देणाऱ्याही आपल्यात आहेत. म्हणजे त्या गाडीत आपला जीव आहे आणि आपला पैसाही आहे. मग तिचा टायर बघणं हे आपलंही काम झालं.

आज एवढीच एक गोष्ट नीट समजून घ्यायची आहे. गाडी ठरलेल्या उंचीपेक्षा खाली बसली की टायर बहुतेक वेळा आतल्या कडेने झिजतो, आणि ती कड बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही.

गाडी खाली बसते कशी?

पहिलं कारण हौस. अलीकडे आपल्या गावातही काही मुलं गाडी "लो" करून घेतात. चाकाच्या वरची स्प्रिंग कापतात, नाहीतर आखूड स्प्रिंग घालतात. गाडी जमिनीलगत दिसते, रुबाबदार वाटते. दुसरं कारण ओझं. आठ माणसांच्या जीपमध्ये चौदा बसली, वर टपावर पोती चढली, की गाडी दबते. तिसरं कारण वय. जुन्या गाडीची स्प्रिंग थकते आणि गाडी कायमचीच थोडी खाली राहते.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या मुलाने हौसेने गाडी खाली करून घेतली. पुढचे दोन्ही टायर बाहेरून बघायला छान होते, नक्षी ठसठशीत. पावसाळ्याच्या तोंडावर पंक्चर झालं म्हणून चाक खोललं, तर आतल्या बाजूने रबर संपून तारा बाहेर आलेल्या. दुसऱ्या चाकाची तीच गत. टायर घालून वर्षही झालं नव्हतं. गटाचा हप्ता चालूच होता, त्यात दोन टायरचा खर्च आला. खर्चाचं सोडा, त्याच टायरवर आदल्या आठवड्यात गाडी घाट उतरून आली होती.

चप्पल आणि टायर

आपली जुनी चप्पल उलटी करून बघा. कुणाची टाच आतून झिजते, कुणाची बाहेरून. पाय जसा पडतो तशी चप्पल झिजते. टायरचंही असंच असतं. चाक रस्त्यावर कसं टेकतं, ते टायरवर लिहिलेलं असतं. फक्त वाचता आलं पाहिजे.

चाकाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, चाक उभं आहे की कललेलं. समोरून बघितलं तर चाकाचा माथा आत झुकलेला असेल किंवा बाहेर. या झुकावाला गॅरेजमध्ये कॅम्बर म्हणतात. माथा आत झुकला की सगळा भार टायरच्या आतल्या कडेवर येतो.

दुसरी, चाकाचं तोंड कुठे आहे. दोन्ही पुढची चाकं जवळजवळ सरळ, एकमेकांना समांतर चालली पाहिजेत. काही जण चालताना पावलं आत वळवतात, काही जण बाहेर फेकतात, तसं चाकांचंही होतं. याला टो म्हणतात. टो बिघडला की चाक नुसतं गोल फिरत नाही, फिरता फिरता रस्त्यावर घासतही जातं.

किती घासतं? एका चाकाचं तोंड फक्त एक अंश वळलेलं असेल, तर एक किलोमीटरला ते साधारण १७ मीटर आडवं ओढलं जातं. भोरहून पुणे अंदाजे ५० किलोमीटर धरलं तर एका फेरीत ८५० मीटरच्या आसपास. म्हणजे टायर जवळजवळ एक किलोमीटर फरफटत नेल्यासारखं झालं. प्रत्यक्षात बिघाड बहुधा एका अंशाहून कमी असतो. पण गाडी रोज चालते आणि रबर रोज जातं.

ही चाकं परत ठरलेल्या कोनात आणणं म्हणजे व्हील अलाइनमेंट. बैलगाडीची दोन्ही चाकं आपापल्या चाकोरीतून सरळ चालली तर बैलाला ओझं कमी वाटतं. इथेही तेच आहे. चाकं सरळ चालली तर टायर टिकतो आणि डिझेलही कमी जळतं.

खाली बसल्याने चाक का कलतं?

चाक गाडीला आडव्या दांड्याने जोडलेलं असतं. तो दांडा दाराच्या बिजागरीसारखा वर-खाली हलतो. बिजागरीवरची वस्तू सरळ रेषेत वर जात नाही, गोलाईत जाते. गाडी खाली आली म्हणजे गाडीच्या मानाने चाक वर गेलं. वर जाताना ते गोलाईत जातं आणि बहुतेक गाड्यांत माथ्याकडून आत झुकतं.

स्टिअरिंगचा दांडा वेगळा असतो आणि त्याची गोलाईही वेगळी असते. दोन्ही दांडे कंपनीने ठरवलेल्या उंचीला जुळतात. उंची बदलली की जुळणी मोडते आणि चाकाचं तोंड वळतं. झुकाव आणि वळलेलं तोंड एकत्र आले की आतली कड झपाट्याने जाते.

बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे एकच आडवा कणा असतो. त्यामुळे मागची चाकं फारशी कलत नाहीत. त्रास मुख्यतः पुढच्या चाकांना होतो. म्हणून बघायला सुरुवात पुढच्या चाकांपासून करायची.

मुलं म्हणतील, शर्यतीच्या गाड्या खालीच असतात आणि त्यांची चाकंही आत झुकलेली असतात. खरं आहे. वळणावर वेगात गाडी कलते तेव्हा झुकलेलं चाक रस्त्यावर पूर्ण टेकावं म्हणून ते मुद्दाम तसं ठेवतात. पण त्यांचा टायर शर्यतीपुरता असतो, तो संपला की दुसरा घालतात. आपल्याला एक टायर चाळीस हजार किलोमीटर चालवायचा असतो, आणि तोही हप्ते फेडत.

कापलेल्या स्प्रिंगची आणखी एक खोड आहे. खड्ड्यात चाक खाली लोंबलं की आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीतून सरकू शकते. स्प्रिंग तापवून दाबून बसवली असेल तर पोलादाची ताकदच जाते. पाच माणसं बसली की टायर वरच्या पत्र्याला घासतो, तो त्रास वेगळाच.

पिकअप आणि वडापचं काय?

पिकअपला मागे पाटे असतात. जास्त माल भरला की मागची बाजू दबते आणि पुढची उचलते. मग पुढच्या चाकांवर भार कमी पडतो, स्टिअरिंग हलकं लागतं, वळणावर गाडी ऐकत नाही. रात्री हेडलाइट रस्त्यावर पडायचा तो समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यात जातो. ओझं जास्त आणि हवा कमी असली तर टायर दोन्ही कडांनी झिजतो, आतून गरम होतो आणि उन्हाळ्यात हायवेवर फुटण्याची भीती असते. मालाच्या भाड्यात पाचशे रुपये वाचवायला दोन खेपांचा माल एका खेपेत कोंबू नका, हे मी गटाच्या प्रत्येक बैठकीत सांगते.

घाट आणि पाऊस

आपल्याकडे हा विषय जास्त गंभीर आहे, कारण आपले रस्ते वरंधा घाटाचे, पाबे घाटाचे, आणि पाऊस मावळातला. टायरवरची नक्षी शोभेची नसते. त्या खाचांतून रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकलं जातं. खाचा संपल्या की टायर पाण्यावर तरंगायला लागतो. ब्रेक दाबला तरी गाडी घसरत पुढे जाते. आतली कड गुळगुळीत झालेला टायर उन्हात ठीक चालतो. पहिल्या जोराच्या पावसात, उतारावरच्या वळणावर तो दगा देतो.

चारचाकीच्या टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. मोजायला पट्टी लागत नाही. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. बाजूला त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात, तिथे सरळ आत बघायचं. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आतल्या कडेकडे अशी अवस्था असेल तर बाहेरची नक्षी कितीही चांगली असो, टायर संपलाच.

पाच मिनिटांची तपासणी

गाडी सपाट जागी उभी करायला सांगा. चालकाने स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं, मग इंजिन बंद, हँडब्रेक वर, मागच्या चाकाला दगड. पुढचं चाक वळलं की टायरची पूर्ण रुंदी दिसते. मोबाइलचा टॉर्च लावून आतली कड आधी डोळ्यांनी बघा. तारा दिसत असतील तर हात लावू नका, बोटात घुसतात. तारा नसतील तर तळवा हलकेच फिरवा आणि हे ताडून बघा:

फक्त आतली कड झिजलेली: चाक कललेलं किंवा टो बिघडलेला.

दोन्ही कडा झिजलेल्या, मध्य चांगला: हवा कमी किंवा ओझं जास्त.

मध्य झिजलेला, कडा चांगल्या: हवा जास्त.

हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीसारखं खरखरीत: टो बिघडलेला.

जागोजागी खळगे: शॉकअब्झॉर्बर थकलेले किंवा बॅलन्सिंग बिघडलेलं.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३२१. म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जुनी गाडी घेताना हे आकडे नक्की वाचा. नक्षी चांगली असली तरी फार जुनं रबर कडक होतं आणि त्याला भेगा पडतात.

दुकानात काय विचारायचं?

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन वेगळी कामं आहेत. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावणं. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल तर अलाइनमेंट. दुकानदाराकडून आधीचा आणि नंतरचा असा छापील कागद मागून घ्या. त्यावर बिघडलेले आकडे लाल आणि ठीक असलेले हिरवे असतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. बऱ्याच छोट्या गाड्यांत फक्त टो दुरुस्त करता येतो, झुकाव नाही. त्यामुळे कापलेल्या स्प्रिंगची गाडी अलाइनमेंटला नेली तरी कागदावर झुकावाचा आकडा लालच राहू शकतो. मग पुन:पुन्हा पैसे घालण्यापेक्षा कंपनीच्या मापाची स्प्रिंग परत बसवणं हाच इलाज. अलाइनमेंटला काही शे रुपये लागतात, टायरच्या जोडीला काही हजार. दहा हजार किलोमीटरला एकदा, मोठ्या खड्ड्यात गाडी आदळल्यावर आणि नवे टायर घातल्यावर अलाइनमेंट करून घ्यावी. हवा किती भरायची ते बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायर थंड असताना भरावी.

कायदा काय म्हणतो?

गाडी बाजारात येण्याआधी तिच्या चाचण्या होतात. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही मोठी संस्था आपल्या पुण्यातच, कोथरूडजवळच्या टेकडीवर आहे. चाचण्या होतात त्या कंपनीने दिलेल्या गाडीवर, गावात कापलेल्या स्प्रिंगवर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीची मूळ रचना मनाने बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार परवानगीशिवाय गाडीत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही अशा बदलावर बोट ठेवू शकते. गाडी आईच्या नावावर असेल तर मालक म्हणून आईचंच नाव पुढे येतं, हेही मुलाला सांगा.

येत्या मासिक बैठकीत तीन ठराव करता येतील. गाडीसाठी अंतर्गत कर्ज देताना चारही टायरचे फोटो बघायचे, आतल्या कडेसकट. गटाचा माल नेणाऱ्या पिकअपचे टायर भाडं ठरवण्याआधी तपासायचे. आणि शाळेच्या व्हॅनचे टायर पालकांपैकी दोघींनी पावसाळ्याआधी बघून यायचं. चालक हसेल, "ताई, तुम्हाला काय कळतंय त्यातलं," म्हणेल. हसू द्या. त्याला शांतपणे म्हणायचं, दादा, स्टिअरिंग जरा पूर्ण वळवा.