घरीच असतेस ना?

दिवाळीला महिना उरला, की घरातून उद्योग करणाऱ्या बाईची खरी कसोटी लागते. कंदील, तोरणं, रंगवलेल्या पणत्यांच्या ऑर्डरी ऐन भरात असतात. त्याच दिवसांत मुलांची सहामाही येते, घर झाडायचं असतं, फराळाचं सामान भरायचं असतं. त्यातच नणंदेचा फोन येतो, "वहिनी, तू घरीच असतेस ना, मग पोरांना चार दिवस तुझ्याकडे सोडते." बोलणारीच्या मनात वाईट काही नसतं. पण हातची कला विकून चार पैसे मिळवणाऱ्या आईबद्दलचे बहुतेक गैरसमज याच समजुतीतून निघतात, की ती करते तो फावल्या वेळाचा विरंगुळा आहे. ही समजूत तिच्या खिशाला आणि तब्येतीला महाग पडते. खुद्द तिचाही त्यावर विश्वास बसला, तर जास्तच.

"मूल झोपलं, की होऊन जातं"

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोक आपला दिवस कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. मुलं, आजारी आणि म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बायकांची त्या सांभाळण्यात रोज १३४ मिनिटं जात होती, ती वेगळी. उद्योग घरात आहे म्हणून हे तास कमी होत नाहीत. उलट बाई समोर दिसते म्हणून गॅसवाला, पाहुणे, शेजारचं पार्सल, सगळं तिच्याच वाट्याला येतं. घरकामाला आर्थिक मोल आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात स्पष्टपणे सांगितलं. घरातल्या माणसांना ते पटायला अजून वेळ लागतोय.

मूल झोपल्यावर काम होतं का? होतं, पण कुठलं काम यावर ते अवलंबून आहे, आणि याचा विचार फार कमी जणी सुरुवातीलाच करतात. क्रोशाचं काम मध्येच टाकता येतं. सुटू नये म्हणून शेवटच्या फासात सेफ्टी पिन अडकवली, की मूल उठलं तरी बिघडत नाही. गोधडीचा धावदोराही असाच, जिथे थांबलात तिथून पुढे. रेझिनचं मात्र तसं नाही. रेझिन आणि हार्डनर एकत्र कालवलं, की काही मिनिटांतच ते घट्ट व्हायला लागतं. मध्ये बाळ रडलं म्हणून उठलात, तर मिश्रण वाया. शिवाय कच्चं रेझिन कातडीला बाधतं, त्याला हातमोजे आणि खेळती हवा लागते. रांगतं मूल असलेल्या वन रूम किचनमध्ये ते करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तीच गोष्ट बारीक मण्यांची, कारण या वयात सापडेल ते तोंडात जातं. मूल शाळेत जायला लागलं, सकाळचे सलग तीन-चार तास हाताशी आले, की हे सगळं करता येतं. आवड कशाची आहे हे बघाच, पण मूल केवढं आहे हेही बघा.

"कच्च्या मालाच्या दुप्पट किंमत लावायची"

हा हिशेब बायकाच एकमेकींना शिकवतात आणि तो साफ चुकीचा आहे. बाळाची हातशिलाईची गोधडी घ्या, साधारण एक मीटर लांब-रुंद. मलमलचे तीन थर, म्हणजे समजा ३६० रुपयांचं कापड. दोरा ४० रुपयांचा, पिशवी आणि वेष्टन ३० रुपयांचं. झाले ४३०. आता शिलाई. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवलं, तर अशा गोधडीत पन्नासेक ओळी पडतात. टाके सारखे हवे असतील, तर एका ओळीला सराईत हातालाही पंधरा मिनिटं लागतात. शिलाईचेच साडेबारा तास झाले. कापणं, थर जुळवून कच्चे टाके घालणं, कडेची पट्टी लावणं, यांचा दीड तास धरा. एकूण चौदा.

दुपटीच्या हिशेबाने ही गोधडी ८६० रुपयांना जाते. माल वजा केला, तर चौदा तासांचे ४३० रुपये उरतात. तासाला ३१ रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्यातून "ताई, घरीच तर बनवता, दुकानाचं भाडं नाही, थोडं कमी करा ना" म्हणणारं गिऱ्हाईक भेटलं आणि शंभर सुटले, की तासाचा दर २४ रुपयांच्या आसपास येतो. तासाला नुसते ७० रुपये धरले, तरी मजुरी ९८० होते आणि गोधडी १,४१० रुपयांची ठरते. फोटो काढणं, चौकशांना उत्तरं देणं, वीज, डोळ्यांचा नंबर वाढणं हे अजून धरलेलंच नाही.

एवढी किंमत सांगायची लाज वाटते, हे मला अनेकींनी बोलून दाखवलंय. त्या लाजेचं मला वाईट वाटतं, कारण रिक्षावाला मीटर सांगताना लाजत नाही. चौदाशे रुपये द्यायला कुणी तयार नसेल, तर किंमत पाडण्यापेक्षा वस्तू बदलावी: हातशिलाईऐवजी मशीनची शिलाई आणि वर थोडं हाताचं भरतकाम, किंवा आकार लहान. आपल्या मजुरीला कात्री लावणं हा शेवटचा उपाय असावा, आणि तो बहुतेक जणी सगळ्यात आधी करतात.

पार्सलचंही असंच फसतं. कुरिअर कंपन्या वजनाबरोबर खोक्याचा आकारही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं, ही त्यांच्यातली सर्रास रीत. ४० बाय ४० बाय ३० चं खोकं केलं, तर आतला कंदील अर्धा किलोचा असला तरी पैसे ९.६ किलोचे लागतात. घडीचा कंदील इथे जिंकतो.

"कायद्याच्या भानगडी नकोत"

भानगडी वाटतात तेवढ्या नाहीत. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती ऑनलाइन, आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारा माणूस स्वतःच्या मेहनतीचे पैसे घेतोय, सरकारी फी नव्हे. जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्यांनाही मोठ्या ऑनलाइन बाजारांवर आपल्या राज्यापुरती विक्री करता येते, फक्त जीएसटीच्या पोर्टलवरून एक क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यात माल पाठवायचा, तर नियम बदलतात. ठरावीक हस्तकलांना त्यात सवलत आहे, तेव्हा वस्तूचं नाव घेऊन एकदा कर सल्लागाराकडे जाऊन यावं.

भानगड खरी असते ती "घरबसल्या पॅकिंग, महिना पंचवीस हजार" अशा जाहिरातींत. काम देण्याआधी नोंदणीचे किंवा किटचे पैसे मागितले, तर ती फसवणूक समजावी. आणि राख्या, नकली दागिने नगावर जोडून देणं हा उद्योग नाही, ती मजुरी आहे. तिथे दर दुसऱ्याच्या हातात असतो. अशा बायका असंघटित कामगार म्हणून ई-श्रम पोर्टलवर विनाशुल्क नाव नोंदवू शकतात. ते पोर्टल २०२१ पासून आहे, पण घरात बसून काम करणारीला आपण कामगार आहोत हेच मुळी कुणी सांगितलेलं नसतं.

"लिज्जतच्या बायकांनी नाही का केलं?"

हे उदाहरण हमखास निघतं, आणि अर्धवट निघतं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे खरं. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण तिथे एकटी बाई सगळं करत नाही. पीठ केंद्रात मळलं जातं, सभासद बहिणी ते घरी नेतात, लाटून वाळवलेले पापड परत आणून देतात आणि वजनावर मजुरी घेतात. खरेदी, तपासणी, विक्री संस्थेची. आजची क्रोशावाली लोकर आणते, विणते, फोटो काढते, रात्री अकराला "किंमत?" या मेसेजला उत्तर देते, खोकी बांधते आणि पोस्टात रांगेत उभी राहते. लिज्जतकडून घ्यायचं तर कामाची वाटणी घ्यावी. दोघी-तिघींनी मिळून माल आणला, तर घाऊक भाव मिळतो. खोकी बांधणं नवरा करू शकतो, त्याला कला लागत नाही. पत्ते लिहिणं आठवीतली मुलगी करते, आणि मुलगाही.

आणखी एक वाटणी वर्षाची. कलाकुसरीचा धंदा बारा महिने सारखा चालत नाही. हलव्याचे दागिने संक्रांतीला, राख्या श्रावणात, मखरं आणि तोरणं गणपतीत. नेमके तेच दिवस घरातही धावपळीचे. म्हणून रोज थोडं घर आणि थोडं काम असा तोल साधेल, ही अपेक्षा मला फोल वाटते. ज्या बायका हे वर्षानुवर्षं निभावतात, त्या मे-जूनमध्ये कंदिलाचे सांगाडे तयार करून ठेवतात आणि दसऱ्याला दिवाळीच्या ऑर्डरी बंद करतात. फराळातलं अर्धं विकत आणतात आणि त्याबद्दल कुणाची माफी मागत नाहीत.

राहिला पैशाचा प्रश्न. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं, पण बँक आधी खातं बघते. कितीतरी जणी गिऱ्हाइकाला नवऱ्याचा क्यूआर कोड पाठवतात, कारण तो आधीपासून चालू असतो. मग चार वर्षं धंदा केलेल्या बाईच्या नावावर एका रुपयाचीही जमा दिसत नाही, ना बँकेला, ना आयकर विवरणपत्रात. स्वतःच्या नावाचं वेगळं खातं, त्याला जोडलेला स्वतःचा क्यूआर कोड आणि जमाखर्चाची एक वही, एवढं पहिल्या ऑर्डरीच्या आधी करून ठेवावं. मजुरीचा रकाना त्या वहीत पहिला असावा.