टाइलखालची हवा

टाइल सिमेंटवर ठेवली आणि ठोकली की चिकटते, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या होम डेपोसारख्या मोठ्या हार्डवेअर दुकानांनी वर्षानुवर्षे ज्या मोफत कार्यशाळा घेतल्या, त्यांत हा समज मोडायला काही मिनिटे पुरतात. शिकवणारा फळीवर राखाडी माल पसरतो आणि दातेरी थापीने त्यात सरळ, समांतर रेघा ओढतो. टाइल ठेवून ती रेघांना आडवी थोडी मागेपुढे सरकवतो, दाबतो आणि लगेच उचकटून उलटी करतो. तिची पाठ सलग राखाडी झालेली असते. मग तोच माल आणि तीच थापी घेऊन तो रेघा मात्र गोलगोल ओढतो. या वेळी उलटलेल्या टाइलच्या पाठीवर जागोजागी कोरडी बेटे दिसतात.

हा सगळा हवेचा खेळ आहे. सरळ रेघांमध्ये जे चर राहतात, त्यांतून हवा टाइलच्या कडेपर्यंत निघून जाते. गोल रेघांत चरांची तोंडे बंद होतात आणि दाबलेली हवा आतच कोंडते. आपल्याकडच्या कितीतरी घरांत फरशीवर नाण्याने टकटक करत गेले, तर मधेच आवाज पोकळ होतो. तिथे खाली काहीच नसते, आणि वरवंटा पडला की टाइल नेमकी तिथे तडकते. अमेरिकी मानकांनुसार कोरड्या खोलीत टाइलच्या पाठीचा किमान 80 टक्के भाग मालाला टेकलेला हवा, न्हाणीघरात 95 टक्के. हे आकडे पुस्तकात वाचून विसरता येतात. स्वतः बसवलेली टाइल स्वतः उचकटून ती कोरडी बेटे पाहिली की विसरता येत नाहीत.

माल स्वतःही थक्क करणारा आहे. आपला गवंडी टाइल लावण्याआधी ती पाण्यात भिजत घालतो, ते धूळ जावी एवढ्यासाठीच नाही. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाण्याशी रासायनिक संयोग करून घट्ट होते. कोरडी टाइल मालातले पाणी शोषून घेते आणि सिमेंट अर्धवटच राहते. म्हणून आधी टाइलचीच तहान भागवायची. नव्या पातळ चिकटमालात याच अडचणीवर दुसरा तोडगा आहे. त्यात लाकडातल्या किंवा कापसातल्या सेल्युलोजपासून केलेली थोडी पूड असते. ती पाणी धरून ठेवते आणि टाइलला ते सहज पिऊ देत नाही. त्यामुळे पूर्वी जिथे इंचभर जाडीचा थर लागे, तिथे दाबल्यावर जेमतेम तीन मिलिमीटर उरणारा थरही पुरतो. व्हिट्रिफाइड टाइल तर आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी घेत नाही, म्हणजे सिमेंटला तिच्यात शिरायला छिद्रेच मिळत नाहीत. तिथे पॉलिमर मिसळलेला मालच लागतो. पिढ्यानपिढ्या टाइल भिजवत आलेल्या गवंड्याच्या हाताने सिमेंटच्या पाण्याची ही गोष्ट रसायनशास्त्राच्या पुस्तकाविना ओळखली होती, याचे मला फार मोल वाटते.

होम डेपोची पहिली दुकाने 22 जून 1979 रोजी अटलांटात उघडली. कार्यशाळेत शिकलेला माणूस माल त्याच दुकानातून नेईल, हा दुकानाचा हिशेब उघड आहे. तो मला गैर वाटत नाही. पुण्या-ठाण्याहून न्यू जर्सीत किंवा टेक्सासात गेलेल्या मराठी कुटुंबांना या शिक्षणाची गरज लवकर कळते. आपल्याकडे फोन केला की प्लंबर येतो; तिथे त्याच्या नुसत्या येण्याचेच पैसे डोळ्यांत पाणी आणतात. मग ज्याने आयुष्यात पाना धरलेला नाही, असा इंजिनिअर सिंकखाली आडवा होतो.

तिथे त्याला नळाच्या आट्यांची गंमत कळते. पाइपचे बरेचसे आटे सरळ नसतात, टोकाकडे किंचित निमुळते असतात: 16 भाग लांबीला एक भाग. घट्ट करत गेले की ते पाचरीसारखे एकमेकांत रुततात. तरी आट्यांच्या टोकांशी बारीक वाट उरते, तिथून पाणी झिरपते. पूर्वी ती वाट सफेदा आणि धागा लावून बुजवत. आता पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. टेप ती वाट बुजवते आणि आटे निसरडेही करते, म्हणून पाना अजून थोडा फिरतो. गुंडाळायची मात्र आटे ज्या दिशेने आवळले जातात त्याच दिशेने, नाहीतर आवळताना ती सुटून येते. हे टेफ्लॉन न्यू जर्सीतच सापडले. 6 एप्रिल 1938 रोजी रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाने वायूच्या टाकीची तोटी उघडली, तर काहीच बाहेर येईना. टाकी रिकामी म्हणावी, तर वजन पूर्वीइतकेच. त्यांनी टाकी कापून पाहिली. आत गुळगुळीत पांढरी भुकटी होती.

होम डेपोत मुलांच्या कार्यशाळाही असतात, महिन्याच्या पहिल्या शनिवारी. मुलांना छोटा नारिंगी अ‍ॅप्रन मिळतो, लाकडाचे सुटे भाग मिळतात आणि हातोडी धरायला मिळते. मला यातली सर्वांत आवडती गोष्ट खिळ्याची आहे, आणि ती आपल्या सुतारांनाही ठाऊक आहे. फळीच्या कडेला खिळा ठोकला की लाकूड चिरते. त्याआधी खिळ्याच्या टोकावर हातोडीचा एक घाव घालून ते बोथट करायचे. टोकदार खिळा लाकडाचे तंतू दोन्ही बाजूंना रेटून फट पाडतो. बोथट खिळा समोरचे तंतू चिरडून आपली जागा करतो. अणकुचीदार तेच बरे, हा आपला साधा अंदाज लाकूड उलटा ठरवते.

2020 मध्ये कोविडमुळे मोठ्यांच्या कार्यशाळा पडद्यावर गेल्या. पडद्यावर रेघा दिसतात. थापी 45 अंशांत धरल्यावर मनगटाला माल कसा ओढतो, ते कळत नाही. महाराष्ट्रात पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 पासून हातांना आधी काम द्यायचे, हीच शिक्षणाची रीत केली. तिथली मुले वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग प्रत्यक्ष करत शिकतात. शहरातल्या मोठ्यांसाठी असे काही सोसायटीच्या हॉलमध्येही होऊ शकेल. त्याला एक जुनी फळी, अर्धी गोणी माल, चार-सहा उरलेल्या टाइल आणि शिकवायला एक गवंडी पुरे. येणाऱ्यांकडून फी घेऊ नये. गवंड्याला मात्र त्या रविवारचा पूर्ण रोज सोसायटीने द्यावा, आणि वर शिकवण्याचे वेगळे मानधनही.